आभाळावर घेतलेलं माप

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी मला रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर उभं केलं. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि फोटो काढायचे ते सगळं हातानं जुळवायच्या जुन्या कॅमेऱ्यावर. सूर्य माझ्या मागे, तोंड किल्ल्याच्या बाजूला वळवलेलं. "उजेडाचं माप आभाळावर घ्यायचं, माणसावर नाही," हे त्यांचं नेहमीचं. तसं घेतलं की आभाळाचे रंग नीट येतात आणि माणूस नुसता काळ्या आकारात उरतो. आई वैतागली. "अहो, उद्या पोर जायची, आणि तुम्ही तिचा काळा ठोकळा काय काढताय? तोंड दिसू दे की तिचं!" बाबा शटरची चकती फिरवत राहिले. त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

इथे कॅनडात, हॅलिफॅक्सलाही समुद्र आहे, पण पूर्वेला. सूर्य त्यात बुडत नाही, वर येतो. याची सवय व्हायला मला वर्ष लागलं. ज्या नोकरीसाठी आले ती मध्येच गेली. आता एका हॉटेलात खोल्या आवरते. घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी किनाऱ्यावर ट्रायपॉड लावायचा, आयएसओ शंभर, अ‍ॅपर्चर आठ, शटर हजारावर, सगळं आभाळाच्या मापानं, टायमर दाबून पळत जाऊन उभं राहायचं. फोटो सुरेख यायचे, ते मी घरी पाठवायचे. बसलेली गालफडं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कशाचा मागमूस नाही. बाबांची विद्या मी आईला फसवायला वापरत होते आणि मला ते चांगलं ठाऊक होतं. आळीत सगळे म्हणायचे, मुलगी मजेत आहे.

मग एकदा आईचा फोन आला. "कालचा फोटो बघितला गो. मोबाईलचा उजेड पुरा वाढवला, तरी तुझं तोंड काय दिसत नाय." रागावली नव्हती. त्या काळ्या आकारात ती मला शोधत बसली असेल, या विचारानं दिवसभर कशात जीव लागेना.

पुढच्या रविवारी तीच जागा, तोच सूर्य पाठीशी. या वेळी माप माझ्या तळहातावर घेतलं. फिनेल-साबणानं सोलवटलेला तळहात. शटर साठावर आणलं, उजेड जास्त आत येऊ दिला. आभाळ पांढरं फटक पडलं, सगळे रंग गेले, आणि मी दिसले. जशी आहे तशी. पाठवल्यावर डिलीट करावा असं दोनदा मनात आलं.

आईचा फोन आला. म्हणाली, "वाळलीस गो. नोकरी गेली काय?" मी हो म्हटलं आणि रडले. बाबांनी फोन घेतला. म्हणाले, "आभाळ गेलं. पण फोटो बरोबर आलाय."

परत कधी जाईन, जाईन की नाही, सांगता येत नाही. इथे रोज कुणी ना कुणी 'हाउ आर यू' विचारतं आणि उत्तर यायच्या आत पुढे जातं. वाळलीस म्हणणारी दोन माणसं रत्नागिरीत आहेत. ती आहेत तोवर माझं घर तिथेच. इथली खोली भाड्याची.