साडूचे पाय टेकले

या पृथ्वीतलावर माझ्या साडूइतका उंच ठेंगणा माणूस दुसरा झाला नाही. पट्टी लावाल तर तो माझ्या खिशातल्या पेनापाशी संपतो, पण बोलायला लागला की मलाच मान वर करून ऐकावं लागतं. मी स्वतः सहा फुटांचा. लग्नात मला हार घालायला बायकोला पाटावर उभं करावं लागलं होतं. या दैवी देणगीचा पुढे मला काय उपयोग झाला, तर यच्चयावत नातेवाइकांचे पंखे पुसणं आणि प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत उभं राहणं. साडू पुढच्या रांगेत, मधोमध. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन तो नोएडाला आला आणि पहिल्याच वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती सांगायला लागला. मी त्याच्या कितीतरी आधीपासून झांज धरून उभा होतो. माझ्या हातात झांजच राहिली.

तेही मी गिळलं असतं. पण त्यानं मोटरसायकल घेतली. साधीसुधी नव्हे, डांबरावर आणि डोंगरात दोन्हीकडे धावणारी, उंटाच्या मावसबहिणीसारखी उंच. म्हणजे तीच, जिच्या शोरूमच्या काचेसमोर मी कित्येक रविवार उभा राहिलो होतो आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत घरी येऊन कोथिंबीर निवडली होती. ती गाडी माझ्या मापाची होती हो! माझ्या पायांना डोळ्यांपुढे ठेवूनच कुणी तरी बनवली असणार. आणि तिच्यावर बसला कोण? बसला म्हणजे चढला; पार्किंगच्या कठड्यावरून, वॉचमनच्या खांद्याला धरून. चढल्यावर त्याचे दोन्ही पाय झोपाळ्यावरच्या पोरासारखे हवेत लोंबू लागले. माझ्या पोटात कसं गार गार वाटलं.

त्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची ताई, बाल्कनीतून म्हणाली, “अहो, दिवाळीत मला डोंगरात न्यायचं कबूल केलंयत ना? मग ऐका. तुमचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील, तेव्हाच मी मागे बसेन. नाहीतर मी चालले माहेरी पुण्याला.”

“दिवाळीला खूप वेळ आहे,” साडू वरून म्हणाला.

मला वाटलं, हा दिवाळीपर्यंत उंच होणार की काय! त्याचा भरवसा नाही.

झालाही. चांभाराकडून त्यानं बुटांना ट्रकच्या टायरचे तळवे मारून घेतले आणि तेच घालून तो ऑफिसला जाऊ लागला. म्हणे साहेबांनी त्याला बढती झाली समजून उठून खुर्ची दिली. सिग्नलला थांबताना त्याला डावीकडे उंच फूटपाथ लागे. असे फूटपाथवाले सिग्नल गोळा करत तो नोएडाहून दिल्लीतल्या मंत्रालयात पार मुनिरकाचा वळसा घालून जायचा. एकदा फूटपाथ सापडला नाही म्हणून त्यानं शेजारच्या ऑटोच्या पायरीवर पाय ठेवला. सिग्नल हिरवा झाला. ऑटो निघाली, पाय निघाला, पायामागून साडू निघाला. आतल्या बाईंनी उतरताना त्याच्याकडे भाड्याचा हिस्सा मागितला, असं तो स्वतःच सगळ्यांना हसत सांगतो. पडण्याचंसुद्धा कौतुक करून घ्यावं ते यानंच. मी जिन्यावरून पडलो होतो, तेव्हा बायको म्हणाली होती, “बघून चालायला काय होतं?”

शेवटी गाडीची गद्दीच खाली आणायचं ठरलं आणि सोबतीला, अर्थातच, मी गेलो. असा तमाशा कोण सोडतो? साडूची हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’चं शेपूट. तो मिस्त्रीला म्हणाला, “भैया, इसका गद्दी कापना है.”

मिस्त्रीनं गद्दीवर हात ठेवला. “काँप रही है? कब से?”

“अभी किधर कापी है? तुम कापेगा.”

“मैं क्यों काँपूँगा, भाईसाहब?”

“अरे, डरना मत. इतनासा कापो. ज्यादा कापेगा तो मिसेस चिल्लाएगी.”

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. दिल्लीकडच्या भाषेत कापायचं असेल तर ‘काटना’ म्हणतात आणि ‘काँपना’ म्हणजे थरथरणं, हे मला ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या साडूच्या बोलण्यात मध्ये पडू नये, असे माझे संस्कार आहेत. संध्याकाळी गाडी मिळाली. मिस्त्रीनं तिचा बोल्टन् बोल्ट आवळला होता आणि गद्दीखाली जाड रबर बसवलं होतं. “अब बिल्कुल नहीं काँपेगी,” तो म्हणाला. गद्दी बोटभर उंच झाली होती.

पुढचा आठवडा मी फार आनंदात काढला. दोन पोळ्या जास्त जात होत्या. पण घरभेदी घरातच होता. माझ्यादेखत माझीच बायको फोनवर म्हणाली, “भाऊजी, काटना म्हणा, काटना!”

मग गद्दीचा फोम कापला गेला. मागच्या चाकाजवळची सांध्याची पट्टी बदलून अख्खी गाडीच खाली बसवली. फक्त स्टँड तेवढा जुन्या उंचीचा राहिला. त्यामुळे गाडी स्टँडवर कलायच्या ऐवजी पहारेकऱ्यासारखी ताठ उभी राहिली आणि वारा आल्यावर पलीकडे पडली. पलीकडे माझी स्कूटर होती. मी बोंब मारणार, तेवढ्यात साडू धावत आला, एका दमात गाडी उचलली आणि चेहरा फुलवून म्हणाला, “साडूभाऊ, बघितलंत? आता मला एकट्याला उचलता येते!” माझ्या स्कूटरच्या आरशाचे तुकडे हातात घेऊन मी त्याचं अभिनंदन केलं.

स्टँडही कापला गेला. दिवाळीत, पहाटेच्या फराळानंतर, साडू साध्या चपला घालून गाडीवर बसला आणि दोन्ही टाचा जमिनीवर आपटून दाखवल्या. ताई मागे बसली. दोघं डोंगराकडे निघून गेली. बायको बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुमचे तर खुर्चीवर बसूनही पाय टेकतात. कुठे नेलंत?”

यंदा साडूची गुवाहाटीला बदली झाली. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “तुमच्या मापाची करून घ्या. चाकाजवळची जुनी पट्टी ठेवलीय जपून.” गणपतीत आरतीही मला मिळाली. तिसऱ्या कडव्याला मी अडकलो आणि सवयीनं पुढच्या रांगेत, खाली पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

परवा गाडी घेऊन त्याच मिस्त्रीकडे गेलो. बसलो की माझे गुडघे कोपरांना लागतात. लहान पोराच्या तीनचाकीवर अस्वल बसवावं तसं ध्यान दिसतं. बायको मात्र मागे बसायला तयार असते.

“वो काँपनेवाले साहब नहीं आए?” मिस्त्रीनं विचारलं.

“ट्रान्सफर हो गया.”

“अच्छा. तो गद्दी फिर ऊँची कर दूँ?”

कापलेल्या गद्दीवर साडूच्या बैठकीचा खोलगा तसाच होता. इतक्याशा माणसाचा केवढा तो खोलगा!

“रहने दो,” मी म्हणालो.

मिस्त्री हसला. “काँप तो नहीं रही?”

“थोडीशी,” मी म्हणालो. “चलेगा.”