डॉक्टरांच्या आवाजातली गोळी

शाळेत असताना मी हेडमास्तरांचा आवाज काढून पाचवी ते सातवीचे वर्ग अर्धा तास आधी सोडले होते. मार खाल्ला, पण गावात नाव झालं. त्या भांडवलावर मी मिमिक्री करायला पुण्यात आलो आणि गुलटेकडीला काकांकडे राहायला लागलो.

काकांचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा. त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती आणि ती घ्यायचा प्रचंड कंटाळा. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे अस्सल पुणेरी. "असंय, गोळी तुम्ही घ्यायची आहे, मी नाही." हा आवाज मला हुबेहूब जमायचा.

एकदा मोबाईलवर वाचलं, की ही गोळी घेणाऱ्यांमध्ये पोटाचा कॅन्सर कमी दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय. झालं. डॉक्टरांच्या आवाजात व्हॉइस नोट केली. "असंय, गोळी घ्या. हृदय सांभाळते, वर पोटाचा कॅन्सर फिरकत नाही. पोटाची काळजी सोडा!" शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. मसाला.

घरच्या ग्रुपवर सगळे लोळून हसले. काका ग्रुपवर नव्हते. सकाळच्या फुलांच्या फोटोंना वैतागून बाहेर पडलेले. काकूंनी ती त्यांना फॉरवर्ड केली, गोळी तरी घेतील म्हणून. फॉरवर्ड केल्यावर पाठवणाऱ्याचं नाव राहतंय कुठे?

काका खरंच रोज गोळी घ्यायला लागले. मी स्वतःवर खूश.

दोन महिन्यांनी त्यांची पँट कमरेतून घसरायला लागली. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचे. मीच जबरदस्तीने दवाखान्यात नेलं.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले दीड-दोन महिने. शौचाला पण काळं होतंय."

"आणि आज उगवलात?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, पोटाची काळजी सोडा!"

"मी? कधी?"

काकांनी फोन काढला आणि नोट लावली. त्या एवढ्याशा खोलीत डॉक्टर स्वतःचा आवाज ऐकत बसले. "असंय" पासून "सोडा" पर्यंत. इतके दिवस मला वाटत होतं, नोट माझी आहे हे काकांना माहितीये. सगळ्यांना माहितीये.

"छान जमलाय," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. बस. एवढंच.

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तू होतास?"

मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून कुणाचाच आवाज निघेना. माझासुद्धा.

दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. कॅन्सर निघाला. रिपोर्ट घेऊन आम्ही परत तिथेच बसलो.

"ती गोळी घेत होतो की मी," काका म्हणाले. "एक दिवस चुकवली नाही."

"गोळी घेणाऱ्यांत तो कमी दिसतो, एवढंच कळलंय. गोळीमुळेच कमी होतो, हे सिद्ध झालेलं नाही. आणि तसं असलं तरी तुम्हाला होणारच नाही, असं कोणी सांगितलं?"

सांगितलं होतं. मीच.

"आता झालाय तर गोळीने जास्त जगेन का?"

"काही पेशंट जास्त जगलेले दिसतात. त्याचंही श्रेय गोळीला देता येत नाही अजून. ती हृदयासाठी चालू ठेवा. पोटासाठी सर्जनकडे जा, उद्याच."

"आधी आलो असतो तर?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले.

रिक्षात, स्वारगेट आलं तेव्हा काका म्हणाले, "ग्रुपवर तूच सांग. आणि त्यांच्या आवाजात नको."

घरी जिन्यातच उभं राहून माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं. काकांना पोटाचा कॅन्सर आहे, आधीची नोट माझी होती, खोटी होती, पोट दुखलं तर थांबू नका. पाठवलं.

पहिलं उत्तर गावाकडच्या चुलतभावाचं आलं, नोट ऐकून संपायच्याही आत. तीन हसरे चेहरे आणि खाली, "हा कुणाचा आवाज काढलास रे? ओळखू येईना."