शुक्रवारचं अपडेट

आमच्या कामतघर वस्तीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापड विणायचे माग, बंद असतात. एरवी खालच्या कारखान्याची खटखट भिंतीतून येते, फरशीतून येते, पाण्याच्या हंड्यातूनसुद्धा येते. लग्न होऊन आले तेव्हा हंड्यातलं पाणी सारखं थरथरताना मी बघत बसायचे. आता ते नजरेला पडतही नाही. पण शुक्रवारी पाणी गप्प उभं राहतं आणि घरात हळू बोललं तरी ऐकू येतं.

माझी नणंद तिच्या कॉम्प्युटरची कामं शुक्रवारीच काढते. साफसफाई, अपडेट, काय असेल ते. लूम बंद असले की लाइट कमी-जास्त होत नाही, आणि कानात काही न घालता मशीनचं बोलणं ऐकता येतं. सकाळी दुरुस्तीसाठी लाइट जाते. दुपारी ती आली, की नणंद खुर्ची ओढून बसते.

नणंदेला दिसत नाही. लहानपणी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. ती अंध मुलांच्या वसतिगृहात राहून बारावी शिकली, कॉम्प्युटर शिकली. मी चौथीपर्यंत. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम आहे, तो स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतो. तो इतका भरभर बोलतो की मला एक शब्द कळत नाही. तिला त्याहून हळू चालत नाही. "सावकाश बोलणारा मानूस आन सावकाश बोलणारी मशीन, दोघांची मला झोप येते," म्हणते. स्क्रीनचा तिला काही उपयोग नाही. ती बंदच असते. लूमचा कापूस बसू नये म्हणून मी तिच्यावर कोऱ्या कापडाचा तुकडा टाकून ठेवला होता. दर आठवड्याला तो झटकून परत टाकायचे.

आमच्या दोघींची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे. बाहेर निघालो की रस्ता मी बघते आणि बोलते ती. तिचा हात माझ्या हातात असतो. रिक्षावाल्याशी घासाघीस ती करते, रेशनच्या दुकानात ती भांडते, दवाखान्यात माझं दुखणंही तीच सांगते. मला परक्या माणसापुढे शब्द सापडत नाही. भाजीवालीलाही मी बोट दाखवून भाजी घेते. लोक म्हणतात, हिला कोणी मारलं तरी ही ओरडणार नाही. माहेरीही असंच म्हणायचे.

या वर्षी नणंदेला पहिल्यांदा खरं काम मिळालं. दापोड्याला एका शेठचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. गोडाऊनवाल्यांचे फोन येतात, कुठल्या गाळ्यावर टेम्पो पाठवायचा, काय माल आहे, कुठे उतरवायचा. ते फोन घरी बसून घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर उतरवून शेठच्या ऑफिसला पाठवायचे. शेठची खात्री नव्हती. घरी येऊन बसले, चहा घेतला, कापड टाकलेल्या स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "महिनाभर बघू. न्हाय जमलं तर राग मानायचा न्हाय." नणंद समोर बसलेली असताना तिच्या भावाला म्हणाले. ती म्हणाली, "शेठ, राग माझ्याकडे मागा, मी इथं बसलीये." शेठ हसले. पण महिनाच म्हणाले.

तो महिना संपायला थोडेच दिवस राहिले होते. शनिवारी पहाटेपासून गाड्या निघायच्या, म्हणून शुक्रवारी कॉम्प्युटर नीट करून ठेवायचा होता. आधीच्या दोन-तीन दिवसांपासून तो मोठं अपडेट मागत होता आणि मधेच अडकत होता.

"वयनी, स्क्रीन लावशील का?" नणंद म्हणाली. "अपडेट चालू असला की हा बोलत न्हाय. किती झाला ते तू सांग."

मी कापड काढलं, बटण दाबलं. निळ्या पडद्यावर एक गोल फिरत होता आणि त्याच्याखाली आकडा होता. आकडे मला वाचता येतात. मी तांदूळ निवडत बसले आणि आकडा बदलला की सांगत होते. मधे तो आकडा बराच वेळ हललाच नाही. मी विचारलं, "बाय, बंद करून परत लावायचा का?"

"अजिबात न्हाय. भात अर्धा शिजला की झाकण काढतेस का तू?"

शेवटी तो पूर्ण झाला. कॉम्प्युटर बंद होऊन परत लागला. डोंगराचं चित्र आलं. मी म्हटलं, "झालं."

नणंद थांबली. एरवी लागल्या लागल्या तो बडबडायला लागतो. तिने एक बटण दाबलं, मग दुसरं. मग कान स्पीकरला लावला. "बोलत न्हाय," म्हणाली.

तिने वायर काढून परत लावली. वायरीच्या टोकाला बोट लावलं तर स्पीकर घुर्र करत होता, म्हणजे स्पीकर चांगला होता. कानातलं लावून बघितलं, तिथेही काही नाही. परत बंद करून चालू केला. डोंगर आला, आवाज नाही. मग ती नुसतीच बटणं दाबत राहिली. खोलीत इतकी शांतता होती की बटणांचा आवाज फार मोठा वाटत होता.

नाक्यावर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे ती कॉम्प्युटर देणार नाही हे मला माहीत होतं. एकदा दिला होता. त्या दादाने चांगल्या मनाने सगळं पुसून नवं करून दिलं, आणि बोलणारा प्रोग्रामही त्यातच पुसला. तो म्हणाला, "ताई, आता बघा कसा लख्ख झालाय." तिला तो लख्ख मुका झालेला कॉम्प्युटर परत बोलता करायला आठवडा लागला होता. आता आठवडा नव्हता. नवरा कशेळीच्या गोडाऊनला ड्युटीवर होता आणि तिथे फोन गेटवर जमा करावे लागतात. नणंद हात मांडीवर ठेवून बसली. "उद्या सकाळी शेठचा फोन येणार," म्हणाली. "मी सांगणार, मशीन बंद हाय. तो काय बोलणार मला ठाव हाय. कायबी बोलणार न्हाय. बरं म्हणणार आन ठेवून देणार."

मग तिने तिच्या शाळेतल्या मित्राला फोन लावला. तोही अंधच आहे, आणि कॉम्प्युटरमधलं त्याला तिच्याहून जास्त कळतं. फोन मोठ्या आवाजावर टाकून तिने मधे ठेवला.

"बोल, काय मोडलंस?" तो म्हणाला.

"त्याचं तोंड बंद झालंय. अपडेट मारला आन गप."

तिने स्पीकरचं, वायरचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "म्हणजे आवाज आहे, पण भलतीकडे जातोय. कुठे जातोय ते बघावं लागेल. आणि बघायचं काम आपल्या दोघांच्या खात्यात येत नाही. डोळेवालं कोणी आहे का घरात?"

"वयनी हाय. पन ती बोलत न्हाय."

"अरे वा! कॉम्प्युटर बोलत नाही, वहिनी बोलत नाही. अपडेट दोघांना मारलंस का?"

नणंद हसली. मलाही हसू आलं, मी तोंडावर हात धरला. पण त्याला ऐकू गेलं. "हसतात म्हणजे वहिनींचा स्पीकर चालू आहे," तो म्हणाला.

असं आमचं काम सुरू झालं. तो फोनवरून बटणं सांगायचा, नणंद दाबायची आणि स्क्रीनवर काय झालं ते मी बघायचं. मी तिच्या कानात सांगत होते आणि ती त्याला सांगत होती. माझं बोलणं असं वळसा घालून जात होतं. मला इंग्रजी अक्षरं टेम्पोंच्या पाट्यांवरून थोडीफार ओळखता येतात, शब्द लागत नाहीत. म्हणून मी चित्रं सांगत होते. इथे घड्याळ आहे. इथे कुलपासारखं काहीतरी आहे.

त्याने एक बटण सांगितलं, नणंदेने दाबलं, आणि मागे दडलेला एक चौकोन स्क्रीनच्या मधोमध पुढे आला.

"मधे कायतरी आलंय म्हणते," नणंदेने सांगितलं.

"अपडेटचंच काहीतरी विचारत असेल. एंटर मार, जाईल."

तिचं बोट एंटरवर गेलं. मी चौकोनाकडे बघत होते. त्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. आणि त्याच्या शेजारी एक हिरवं चित्र, तेच जे मागे स्क्रीनवर वरच्या बाजूला होतं. ते काय आहे मला माहीत नव्हतं. पण कचऱ्याचा डबा कुठेही कचऱ्याचाच असतो.

"नको! दाबू नको!" मी ओरडले.

नणंदेने हात चटका बसल्यासारखा उचलला. शेजारची भाभी दारात येऊन उभी राहिली. "क्या हुआ? साँप निकला क्या?" मी मानेनेच नाही म्हटलं. ती आत डोकावून, दोघी धड आहोत बघून गेली.

"कोण ओरडलं?" फोनवरून विचारलं.

"वयनी."

"आत्ता कळलं, त्या आवाज वाचवून का ठेवतात."

तेव्हा मीच बोलले. नणंदेच्या कानात नाही, सरळ फोनकडे तोंड करून. "कचऱ्याचा डबा आहे. आणि हिरव्या कागदाचं चित्र आहे." माझा आवाज मलाच जाड वाटला.

तो एकदम गंभीर झाला. "हिरवं म्हणजे तुझी शीट," नणंदेला म्हणाला. "तू मघाशी ऐकू येत नसताना काय काय दाबलंस?"

"सगळंच," नणंद हळू म्हणाली. महिन्याभराच्या सगळ्या गाड्या त्या शीटमध्ये होत्या.

"एस्केप दाब. डावीकडे वर, कोपऱ्यातलं. वहिनी, चौकोन गेला का?"

"गेला."

"हिरवं चित्र जागेवर आहे?"

"आहे."

"आता मला फक्त वहिनींशी बोलू दे. तू नुसती बोटं चालव."

त्याने एकदम तीन बटणं दाबायला सांगितली. स्क्रीनच्या उजव्या बाजूला खाली एक पट्टी उघडली. त्याने विचारलं, काय दिसतं? मी आधी सगळं नीट बघून घेतलं. मग म्हटलं, "दोन ओळी आहेत. वरच्या ओळीला निळी रेघ आहे. तिच्यापुढे टीव्हीचं चित्र आहे. खालच्या ओळीपुढे स्पीकरचं. तिला रेघ नाही."

तो इतक्या जोरात हसला की फोन खरखरला. "टीव्ही म्हणजे तुमची स्क्रीन. अपडेट झाल्यावर त्याने बघितलं, अरे, आज स्क्रीन चालू आहे, आणि सगळा आवाज तिकडे पाठवला. तुझ्या स्क्रीनला स्पीकर आहे का गं?"

"साधी हाय. स्पीकरवाली घ्यायला मी काय शेठ हाय?" नणंद म्हणाली.

"म्हणजे तो मघापासून बोलतोय. तिला तोंड नाही, म्हणून ऐकू येत नाही. खाली बाण मार. वहिनी, कुठे आलो?"

"अजून वरच आहे. आता खाली आला. स्पीकरवर आहे."

"एंटर. बघा, आधी विचारतोय तुम्हाला. मारू ना?"

"मारा," मी म्हटलं.

नणंदेने एंटर दाबलं आणि स्पीकरमधून ती भरभर बडबड एकदम सुरू झाली, जशी काही मघापासून साठून राहिली होती. मला नेहमीसारखं त्यातलं काही कळलं नाही. नणंदेने मान तिरकी केली, ऐकलं, आणि दोन्ही हात बटणांवर ठेवले. तिने आधी शीट उघडली. वरपासून खालपर्यंत मशीनकडून वाचून घेतली, एकेक गाडी. मी तोवर तांदळाचं ताट उचललं आणि लगेच परत ठेवलं, कारण फोन अजून चालूच होता आणि तो ठेवायचा कोणी ते मला कळेना.

"ठेवते हं," मी म्हटलं.

"ठेवा," तो म्हणाला. "आणि स्क्रीनवरचं ते कापड काढून टाका. अधूनमधून कोणीतरी बघत जा आत काय चाललंय."

शनिवारी उजाडताना लूम सुरू झाले आणि हंड्यातलं पाणी थरथरायला लागलं. नणंद कानातलं लावून आधीच बसली होती. शेठचाच पहिला फोन आला. ती "हां शेठ, बोला," म्हणाली आणि बटणं वाजायला लागली. शेठला काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. मी चहा तिच्या उजव्या हाताशी, नेहमीच्या जागी ठेवला. बोलता बोलता तिने हाताने चाचपून कप घेतला.

महिना संपला तेव्हा शेठ आले नाहीत, काही बोललेही नाहीत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सकाळी फोन नेहमीसारखा वाजला. नणंद म्हणाली, "वयनी, साखर जास्त घाल आज." त्यावरून मला समजलं.

कापडाचा तुकडा आता मी भांडी पुसायला घेतला आहे. शुक्रवारी दुपारी लाइट आली की स्क्रीन लावते आणि नणंदेच्या शेजारी बसते. आवाज कुठल्या ओळीवर आहे ते आधी बघते, मग ती अपडेट मारते. कधी कधी तिच्या मित्राचं मशीन अडतं आणि त्याचा व्हिडिओ कॉल येतो. तो फोन त्याच्या स्क्रीनसमोर धरतो, बहुतेक वेळा तिरका, निम्मी भिंतच दिसते.

"वहिनी, काय दिसतंय?"

"भिंत," मी सांगते. "थोडा डावीकडे घ्या."