आईसाठी मंडळी

आई बोरिवलीला माझ्याकडे आली ती अट घालूनच. "नाताळपर्यंत मंडळी मिळाली तर राहीन, नाहीतर मी आपली गावी," असं तिनं हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे देवळात उपासनेला एकत्र जमणारी आपली माणसं. ती नसतील तर देऊळ म्हणजे आईच्या लेखी नुसती इमारत. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. ती गावात एकटी, मी इथं एकटी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी आलं की माझ्याशी बोलायला भिंती. तिनं राहावं असं मला इतकं वाटत होतं की मंडळीच काय, मी गावचं अख्खं देऊळ उचलून बोरिवलीत आणलं असतं.

खरं सांगायचं तर पाच वर्षांत मी स्वतः देवळात तीनदा गेले असेन, त्यातलं एकदा लग्नासाठी. पण आईला हे कशाला सांगा.

मग आमचे रविवार सुरू झाले. आधी एका मल्याळी देवळात गेलो. माणसं फार प्रेमळ, पण प्रवचन दोन तास चाललं आणि त्यातलं आम्हाला ओ की ठो कळेना. आई शांतपणे झोपली आणि चक्क घोरायला लागली. मी तोंडाला रुमाल लावून हसत राहिले. पुढच्या रविवारी होडीनं गोराईला गेलो. तिथल्या कॅथलिक बायका लुगड्यातल्या, मराठीच बोलणाऱ्या, एकीनं तर आईच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी ठेवली. आईला खाडी आवडली, बोंबील आवडले, पण आमच्या देवळात मूर्ती नसतात, त्यांच्यापुढे काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ती सगळा वेळ खिडकीकडे बघत बसली. घाटकोपरला मराठी मंडळी सापडली तर तिथे नेमकं त्या दिवशी पंचांचं भांडण. "सगळा शब्द न् शब्द कळला," आई बाहेर पडताना म्हणाली, "तेवढाच काय तो फायदा."

इकडे घरात तिचा डबा भरत चालला होता. गावी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी बायका देवाच्या नावानं मूठभर धान्य बाजूला काढतात आणि रविवारी देवळातल्या टोपलीत ओततात. गावी बाजरी असायची, इथे रेशनचे तांदूळ. मंडळी नाही म्हणून मूठ काढायची नाही, असं काही तिच्या डोक्यात आलंच नाही. रोज दोन मुठी, सकाळची एक आणि संध्याकाळची एक.

अंधेरीचा पत्ता मला ऑफिसातल्या एकीनं दिला. "एकदम झकास असतं गं. कोणी काही विचारत नाही, हवं तसं बस, हवं तेव्हा ऊठ." आम्ही दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसून निघालो. त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर एक पौराणिक मालिका लागायची आणि सगळं उपनगर घरात बसायचं. रस्ते रिकामे, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, आणि प्रत्येक खिडकीतून तोच एक आवाज, तोच शंख. झाडांच्या फांद्या बसच्या काचेला घासून जात होत्या. आपण जागे आहोत की नाही असं मला वाटत राहिलं. आईच्या मांडीवर डब्यातल्या तांदळांची कापडी पिशवी होती.

देऊळ नव्हतंच ते. शाळेचा हॉल होता, वर पंखे, खाली लोखंडी खुर्च्या. दोन गिटार, एक ड्रम, आणि जीन्स घातलेला एक दाढीवाला, ज्याला सगळे नुसतं 'ब्रदर' म्हणत. हाच पाळक, म्हणजे पाद्री, हे आम्हाला अर्ध्या तासानं उमगलं. आईनं दाराशी चपला काढल्या. तिथे तो एकच जोड होता. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि ताठ बसली.

गाणी सुरू झाली. पुस्तक नाही, काही नाही. एका काचेच्या पेटीवर प्लॅस्टिकचा कागद ठेवून शब्द भिंतीवर पाडत होते. कधी इंग्रजी, कधी हिंदी, आणि एकच ओळ दहादा, बारादा. आधी मला हसू आलं. मग कधीतरी यायचं थांबलं. खिडक्यांना निळे पडदे होते. जुहूकडून वारा आला की ते फुगायचे आणि उन्हाचा एक पट्टा लोकांच्या खांद्यांवरून सावकाश सरकत जायचा. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा मी डोळे मिटले. ओळ पुन्हा आली, पुन्हा आली, आणि मला कळलं की मी गातेय. वडिलांच्या मागे उभी राहून गायचे तशी, पूर्ण आवाजात. आजूबाजूला कोण आहे, मी कुठली आहे, मला कोण काय म्हणेल, काही शिल्लक राहिलं नव्हतं. मी फार, फार सुखात होते.

गिटार हळू झाली आणि दानाची थैली फिरायला लागली. लाल मखमलीची, दोन लाकडी मुठींची. लोक पैशांची बंद पाकिटं टाकत होते. थैली आईसमोर आली तशी आईनं कापडी पिशवीची गाठ सोडली आणि सगळे तांदूळ थैलीत ओतले. दीड महिन्याचे तांदूळ. थैली भरली, वाकडी झाली, आणि उरलेले तांदूळ खुर्चीच्या लोखंडावर ताडताड वाजत फरशीवर पसरले. पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. थैली धरलेली मुलगी, माझ्याच वयाची, केस मोकळे सोडलेली, गोंधळून म्हणाली, "आंटी, ये क्या?" मग तिनं माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "तुमच्याबरोबर आहेत का?"

"फ्रॉम द व्हिलेज," मी म्हणाले. म्हणजे गावाहून आल्यात त्या.

त्या. माझी आई म्हणायला दोन शब्द लागतात, ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मला तिची लाज वाटली, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण व्हिलेज म्हणजे काय ते तिला माहीत होतं. ती खाली वाकली आणि एकेक दाणा वेचू लागली. मीही वाकले. ती मुलगीही वाकली, ओढणी पसरून तांदूळ गोळा करू लागली. वाईट कोणीच वागलं नाही. माझ्याशिवाय.

नंतर चहा होता. ब्रदर स्वतः आमच्याकडे आले आणि मोडक्या मराठीत आईला म्हणाले, "तुमी यांच्या मदर काय?"

"न्हाई," आई म्हणाली. "मी हिच्या गावची."

ती हसून म्हणाली, अगदी सहज. माझ्या तोंडात बिस्कीट होतं. ते गिळून बोलायला भरपूर वेळ होता. मी चहा प्यायले.

परतीच्या बसमध्ये ती बाहेर बघत होती आणि मी तिच्या हातांकडे. ती रागावेल म्हणून मी वाट बघत राहिले, घरी, जेवताना, भांडी घासताना. सोमवारी ती म्हणाली, "बुधवारचं एस्टीचं तिकीट काढ मला."

नाताळला अजून महिना होता. मी रडले आणि चिडलेसुद्धा. "मंडळी शोधतेय ना मी! अजून किती ठिकाणं आहेत! मुलुंडला आहे एक..."

"मला कशाला गं मंडळी? माझी गावात हाय की," आई लुगड्याची घडी घालत म्हणाली. "तुझ्यासाठी हिंडत होते मी. पाच वर्षं एकटी जेवतीस. मला काय कळत न्हाई?"

मी म्हणाले, "तिथे मी तुला..."

"लाज वाटली तुला. व्हय. मल्याळ्यांच्यात मी घोरले तव्हा वाटली का? हसत बसलीस. जिथं ऱ्हायचं असतं ना, तिथंच माणसाला लाज वाटती." तिनं घडी पिशवीत ठेवली. "जात जा तिथं. गळा तुझ्या बापाचा हाय, बंद नको ठेवू."

बुधवारी ती गेली.

रविवारी मी एकटीच अंधेरीला गेले. महिन्याचा पहिला रविवार होता, आणि त्या दिवशी तिथे नव्या माणसांना उभं करून सगळ्यांशी ओळख करून देतात. मी उभी राहिले. तीच मोकळ्या केसांची मुलगी माइक घेऊन आली आणि तिनं विचारलं, तुम्हाला इथे कोणी आणलं?

"माझ्या आईनं," मी म्हणाले. "मागच्या रविवारी माझ्याशेजारी बसली होती ती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "कुठे बसल्यात आज?" असं म्हणत ती मुलगी टाचा उंचावून रांगा बघू लागली, आणि टाळ्या वाजवता वाजवता सगळा हॉल माना वळवून माझ्या आईला शोधू लागला.