बन्सीच्या बायकोची गिटार

बबनराव ते चेष्टेतच बोलून गेले होते. बन्सीचा हात जाऊन तीन महिने झाले होते आणि ते खुशाली विचारायला दौंडात नगर मोरीपलीकडच्या त्या भाड्याच्या खोलीवर आले होते. बरोबर ऑर्केस्ट्रातले दोघे-तिघे होते. चहा पिता पिता त्यांची नजर खुंटीवरच्या बेस गिटारीकडे गेली.

"हिला आता कोण वाजवणार? वयनी, तुम्हीच शिका," ते म्हणाले. "बाईमाणूस बेस वाजवतंय म्हणल्यावर लोकं नवरानवरी सोडून तुमच्याकडंच बघत बसत्याल. मला सुपाऱ्या आवरायच्या न्हाईत."

सगळे हसले. सुषमा हसली नाही. "किती दिवसांत यायला पाहिजे, आबा?" तिने विचारलं.

बबनरावांनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. लग्नात आणि जत्रेत त्यांचा ऑर्केस्ट्रा वाजायचा आणि बन्सी त्यात बारा वर्षं बेस वाजवत होता. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, वैशाखातलं एक लग्न वाजवून परत येताना यवतजवळ त्यांचा टेम्पो उलटला. बाकीचे खरचटण्यावर सुटले. बन्सीच्या उजव्या खांद्यातल्या शिरा तुटल्या. हात जागेवर होता, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. डाव्या हाताने घास घेताना कुणी बघू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

"तुळशीचं लग्न लागलं की सीझन चालू," बबनराव म्हणाले. "तवर बारामतीचा एक जण धरलाय. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ऐकतो. जमलं तर जागा तुमची. काय बन्सी, शिकवशील ना?"

चार माणसं बघत होती. "शिकवीन की," बन्सी म्हणाला. "न शिकवायला काय झालं?"

जागा मिळाली नाही तर काय होणार, हे घरात कुणी बोलायची गरज नव्हती. निमोण्याला परत जायचं. तिथे बन्सीचा थोरला भाऊ भैरू होता, बापाची मेंढरं विकून घेतलेली चार एकर होती आणि भैरूची बायको कुशाबाई होती. लग्नानंतरची सहा वर्षं सुषमाने त्या घरात काढली होती. चहाची पूड कुशाबाईच्या फडताळात असायची आणि फडताळाची किल्ली कुशाबाईच्या कमरेला. पाहुणा आला तरी सुषमाला मागून घ्यावी लागायची. दौंडची खोली दहा बाय बाराची होती, पावसात एका कोपऱ्यात गळायची, पण चहाचा डबा सुषमाच्या हाताशी होता आणि दाराची कडी तिने लावली की लागायची. तिला एवढंच टिकवायचं होतं.

सुरुवातीला ती नुसतीच तार छेडायची. प्रगती, त्यांची मुलगी, शाळेत गेली की सुषमा खाटेवर गिटार मांडीवर घेऊन बसायची. बन्सी तिच्या मागे बसून डावा हात गिटारीच्या दांड्यावर ठेवायचा. तो पट्टीवर तार दाबायचा आणि ती उजव्या हाताच्या दोन बोटांनी वाजवायची. दोघांचा मिळून एक वाजवणारा व्हायचा. अपघातापासून तो तिच्या इतका जवळ बसला नव्हता.

"चिमटा काढू नको. बोट आडवं ने," तो सांगायचा. "सा धर. आता प. पोटात चारचा ठेका मोज, तोंडानं न्हाई."

गिटारीच्या लाकडावर मंगळसूत्र खडखडायचं. "ते पाठीवर टाक," तो म्हणाला. तेव्हापासून ती बसली की आधी मंगळसूत्र पाठीवर टाकायची, मग पदर खोचायची.

पुढे डावा हातही तिचा झाला. तिच्या हाताला घट्टे होते, पण ते तळव्याला. बोटांची टोकं रोजच्या धुण्याने मऊ पडलेली होती. त्या जाड तारांनी चार दिवसांत त्यांना फोड आले, फोड फुटले आणि मग सोड्याच्या पाण्यात हात घालताना ती दात आवळायची. महिनाभराने कातडी पिवळी आणि टणक झाली. बन्सीने तिची बोटं एकेक करून चाचपून पाहिली. "झाली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात त्या दिवशी खोट नव्हती.

घरात आवाज मोठा करणारा बॉक्स नव्हता. तो बबनरावांच्या गोदामात असायचा. त्याच्याशिवाय ही गिटार म्हणजे लाकडाची फळी. जेमतेम पुटपुटायची. रेल्वे गेली की तेही बुडायचं. सुषमा हनुवटी लाकडाला टेकवून वाजवायची, म्हणजे सूर दातांतून कळायचा.

शेजारच्या गीताबाई एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय गं, अर्धा तास खाजवतीस नुसती. वाजत तर काय न्हाई."

"वाजतंय, मावशी. तुम्हाला ऐकू येत न्हाई."

"मग लोकांनी काय तुझ्या दाताला कान लावायचा?"

बन्सीसुद्धा हसला होता. ते दिवस बरे गेले. सुषमा भाकऱ्या थापताना मनात ठेका धरायची. एका लग्नात लागतात तेवढी बारा-तेरा गाणी तिने अंगात मुरवली. ती शिकतेय, नुसती हौस करत नाही, हे बन्सीला दसऱ्याच्या सुमारास कळलं. त्याच आठवड्यात भैरू येऊन गेला.

"वरची खोली मोकळी केलीय," भैरू म्हणाला. "ओट्यावर बसून ऱ्हा. गड्यांवर नजर ठेव. भाऊ हायेस, कोण तुला काम सांगणार हाय? आन् हितं काय, बायको नाचवून खाणार?"

"नाचायची न्हाई ती, वाजवायची हाय," बन्सी म्हणाला. भैरूने नुसती मान हलवली आणि पान जुळवलं.

तो गेल्यावर दोन दिवसांनी सुषमाने विचारलं, "अहो, मी ह्या तारंवरनं त्या तारंवर गेले तरी मागं घूं घूं ऱ्हातंय. ते तसंच असतंय का?"

बेस वाजवणाऱ्याचं अर्धं काम तार वाजवण्याचं आणि अर्धं वाजलेली तार थांबवण्याचं. पुढच्या तारेवर गेलं की मागची बोटाच्या अंगाने धरायची, अंगठा वरच्या जाड तारेवर टेकवून ठेवायचा. बन्सीची बोटं हे न सांगता करायची. सुरुवातीला दांड्यावर त्याचाच हात होता, म्हणून तिला कधी दिसलंही नव्हतं. घरात ती घूं घूं हनुवटीखाली कळे-न-कळेशी होती. बॉक्सला जोडल्यावर ती काय होते, हे बन्सीला बारा वर्षांचं ठाऊक होतं.

"असतंय," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

ठरल्या दिवशी दुपारी सुषमा गिटार चादरीत गुंडाळून एकटीच गोदामात गेली. बन्सीला तिने चल म्हटलं होतं. पाय दुखतो म्हणून तो आला नाही. पत्र्याच्या गोदामात खुर्च्यांच्या चळती होत्या, मधे जागा करून वाद्यं मांडली होती. कीबोर्डवर हौशीराम होता, बन्सीच्या बरोबरीचा, केस रंगवणारा, ऑर्केस्ट्रातला सगळ्यात जाणता माणूस. त्याने तिची गिटार वायरीने बॉक्सला जोडून दिली. बबनराव खुर्चीवर बसले. ढोलकीवाला आणि गाणारी बाई हसत हसत बघत होती.

गाणं सुरू झालं. पहिल्या चार ठेक्यांतच तिच्या पायाखालची फरशी हादरली. आपलं बोट एवढं करतं, याने ती दचकली, पण थांबली नाही. बोटं जागच्या जागी पडत होती, ठेका चुकत नव्हता. पण एकेक सूर वाजला की तो संपेचना. त्याच्यावर दुसरा चढला, त्याच्यावर तिसरा. गोदामाचे पत्रे थरथरू लागले. गाणाऱ्या बाईने कानावर हात ठेवला.

"तार धर," हौशीराम ओरडला. "अगं, तार धर मागची."

तिने होती ती तार आणखी जोरात दाबली. गडगडाट वाढला. हौशीरामने उठून बॉक्सचं बटण फिरवलं.

गोदाम एकदम शांत झालं.

"बन्सीनं तार धरायला शिकवलं न्हाई तुला?" त्याने विचारलं. रागाने नव्हे. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "हे तर पहिल्या आठवड्यात सांगत्यात."

सुषमाला त्या क्षणी सगळं कळलं. तिने विचारलं होतं ती दुपार, 'असतंय' म्हणून त्याचं उठून जाणं, आज दुखणारा पाय. चारही माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. नाही म्हटलं असतं तर हौशीरामने तिथेच पाच मिनिटांत दाखवलं असतं. पण नाही म्हणायचं म्हणजे या लोकांपुढे नवऱ्याला उघडं करायचं, ज्यांच्यात त्याची बारा वर्षं गेली त्यांच्यापुढे. तिचं तोंड तिच्याआधी बोललं.

"सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "माझ्याच ध्यानात ऱ्हात न्हाई."

"तीन महिने झाले, अजून ध्यानात न्हाई?"

तिने पाठीवरचं मंगळसूत्र पुढे घेतलं.

हौशीरामने बबनरावांकडे पाहून मान हलवली. न सांगितलेलं शिकवता येतं. सांगूनही जे बोटात उतरलं नाही, ते आता लग्नं तोंडावर आली असताना कोण उतरवणार?

"वयनी, वाईट वाटून घिऊ नका," बबनराव म्हणाले. "मेहनत केली तुम्ही. पण हे काम न्हाई तुमचं."

घरी येऊन तिने गिटार खुंटीला लावली आणि स्टोव्ह पेटवला.

"काय म्हणले?" बन्सीने विचारलं.

"दुसरा बघत्याल. मला तार धरता येत न्हाई म्हणले."

त्याने खुंटीवरच्या गिटारीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला काय म्हणले?"

"तुम्हाला काय म्हणत्याल? तुम्ही सांगितलं होतं, मी इसरले, असं सांगून आले."

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला आणि तसाच उठला. सकाळी प्रगती खेळायला गेल्यावर त्याने स्वतःच गिटार खाली काढली, सुषमाच्या मांडीवर ठेवली आणि तिचं बोट धरून मागच्या तारेवर आडवं टेकवलं. अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं. तिने वाजवून पाहिलं. घूं घूं थांबली. स्टोव्हवरचं दूध अजून वर आलं नव्हतं.

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

"मग सांगितलं का न्हाई?"

"आधी वाटलं, तू कुठली इथवर येतीस." तो खाली बघत होता. "मग तू आलीस."

"मग तरी सांगायचं."

"तू स्टेजवर आन् मी हितं कडी लावून बसायचं? सगळं दौंड इच्यारणार, बन्सी काय करतो. गावाकडं कुणी इच्यारत न्हाई."

तिने दूध उतरवलं. त्याला चहा दिला. चहा पिऊन तो म्हणाला, "बबनरावाकडं जातो. सांगतो त्यांना." ती उठली आणि तिने त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली. तो गेला.

त्यानंतर अर्ध्या तासाने बबनरावांची मोटरसायकल दारात थांबली. बन्सीच्या दोन वायरी आणि एक पट्टा त्यांच्याकडे पडून होता, तो द्यायला ते आले होते. म्हणजे सगळं संपलं, हे तिला कळलं.

"आबा, हे तुमच्याकडंच आलेत. भेटले न्हाईत का?"

"मी तर घरनंच येतोय. कोण आलं न्हाई."

मग तिने गिटार घेतली. "दोन मिनिटं ऐका. आता धरता येतीय." ती वाजवू लागली. बबनराव दारातच उभे होते. बाहेरून मालगाडी चालली होती.

"ह्यात काय कळणार, वयनी?"

"त्यांनी आज सकाळी सांगितलं मला. आधी सांगितलंच न्हवतं."

"काल तर म्हणालात, सांगितलं होतं."

"काल खोटं बोलले मी."

बबनरावांनी हातातल्या वायरी गुंडाळल्या. "मग आज खरं बोलताय ते कशावरनं?" ते म्हणाले. "बारा वर्षं माझ्यासंगं होता तो. लुळ्या माणसावर असं ढकलू नये. आन् बारामतीवाला ऱ्हात न्हाई, म्हणून रात्रीच पुण्याच्या एकाला शब्द दिऊन बसलोय मी." त्यांनी वायरी खाटेवर ठेवल्या आणि गाडीला किक मारली.

बन्सी दुपारी आला. "बबनराव घरी न्हवते," तो म्हणाला.

"न्हवतेच," सुषमा म्हणाली.

मग त्याला खाटेवरच्या वायरी दिसल्या. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि थोड्या वेळाने त्या बाजूला सारून बसला. कुठे गेला होता हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. ती माळ्यावरची भांडी उतरवत होती.

रविवारी भैरूचा टेम्पो आला. सामान फार नव्हतं. प्रगती पुढे बसली, सुषमा मागे गाद्यांवर. निमोण्याला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. कुशाबाई दारात उभी राहून एकेक वस्तू आत जाताना मोजल्यासारखी बघत होती. गादीच्या वळकटीतून गिटारीचं डोकं बाहेर आलेलं तिला दिसलं.

"हे गं कुणाचं?"

"ह्यांचं," सुषमा म्हणाली.

"त्यांना तर हात न्हाई. वाजवणार कोण?"

"कुणी न्हाई, जाऊबाई."

"मग वर माळ्यावर टाक, पायात येईल," कुशाबाई म्हणाली. "आन् हातपाय धू. चहाचं आधण ठेव, मी पूड काढून देते."