उजवं फूल

अंधेरीच्या गावदेवीचा डोंगर दिसला आणि आई रस्त्यातच थबकली. "अगो बाय माझे! डोंगर खाल्ल्यानी मेल्यांनी!" खाणवाल्यांनी एक अख्खी बाजू तासून नेली होती. खडकातल्या पायऱ्या चढताना बाजूला नुसती पोकळी. मी आईचा पदर घट्ट धरून चढले.

वाकोल्याहून आम्ही दोघी आलो होतो माझ्या लग्नाचा कौल लावायला. मॅट्रिक झाल्यावर मला टेलिफोनच्या कचेरीत नोकरी लागत होती, आणि बाबांनी गावच्या एका बिजवराला जवळजवळ शब्द दिला होता. दोन मुलांचा बाप! मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाबा म्हणाले, "देवीक इचारा. ती सांगात तसां." आणि गिरणीत पाळीला गेले.

"इथे कौल लावत नाहीत, बाई," पुजारी म्हणाला. गावी लावतात तर इथे का नाही? आई ऐकते कुठली! शेवटी त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर लग्न, डावं पडलं तर नाही. माझी नजर डाव्यावर. पड ना गं, पड!

आणि धडाम! खाणीत सुरुंग उडाला. बसल्या जागी खडक हादरला, समई विझली, आणि उजवं फूल टपकन खाली आलं.

"दिल्यान कौल," आईने हात जोडले.

"कसला कौल? सुरुंगाने पडलं ते!" मी किंचाळले. "परत लाव!"

"कौल दोनदा लावूचो नसता." ती उठली. उतरताना मी रडत रडत तिला वाट्टेल ते बोलले.

संध्याकाळी बाबांनी आल्या आल्या विचारलं, "काय गो, काय कौल दिल्यान?" मी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"डावां पडलां," आई म्हणाली.

मी गर्रकन वळले. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाला न शिवणारी माझी आई! देवीच्या नावाने चक्क खोटं! बाबांनी तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाले, "बरां. नाय म्हणान कळवतंय."

मी नोकरीला लागले. आई मात्र तो डोंगर पुन्हा चढली नाही. "खयच्या तोंडान जाव?" म्हणायची. दर नवरात्रात ओटी माझ्या हातात द्यायची आणि मी उतरेपर्यंत पायथ्याशी उन्हात अनवाणी उभी राहायची.