शेजारच्या काकींचा अंगठा

आमच्या गावात घराच्या खोल्या सुट्टीच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या, तर ग्रामपंचायत शेजाऱ्यांची ना-हरकत मागते. शेजारच्या काकींनी लगेच अंगठा दिला. “पावने येनार, त्यात हरकत कसली? किती जन येनार?”

कुणाकडेही पाहुणे आले की काकी आपल्या वेलावरच्या काकड्या घेऊन हजर. माझ्याकडे भिवंडीहून पहिली गाडी आली, तेव्हाही आल्या. गाडीतल्या बाईंनी काकड्या घेतल्या नि फर्मावलं, “मौसी, बाथरूम भी धो देना.” काकींनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि बाथरूम धुतलं. मी शुंभासारखा ओट्यावर बसून राहिलो.

यंदा परवान्यासाठी पुन्हा त्यांच्या दारी गेलो. काकड्या वेलावरच पिवळ्या पडल्या होत्या. काकींनी अंगठा दिला. किती जण येणार, हे विचारलं नाही.